पुढच्या चाकाचं बोलणं

सरळ रस्त्यावर गाडी आपलं दुखणं लपवते. डाव्या-उजव्या चाकांवर वजन जवळपास सारखं पडलेलं असतं आणि जे सांधे ढिले झालेत तेही त्या वजनाखाली एका कडेला दबून गप्प बसलेले असतात. स्टेअरिंग फिरवलं की हे सगळं बदलतं. गाडी डावीकडे वळली तर वजन उजव्या बाजूला झुकतं, उजवीकडे वळली तर डाव्या. ज्या सांध्यात केसभर फट पडली आहे तो बसलेली कड सोडतो आणि समोरच्या कडेवर जाऊन आपटतो. आपल्याला ऐकू येतं ते एवढंच: खट्. आमच्याकडचे मिस्तरी त्याला ‘गाडी बोलते’ म्हणतात, आणि ती बोलायला लागली की बाकीचं काम ऐकणाऱ्याचं असतं.

जळगावच्या पिंप्राळ्यात राहणाऱ्या माणसाला वजनदार गाडी वळवणं ही काय चीज आहे, हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आषाढी एकादशीला आमच्या गावात विठ्ठल-रखुमाईचा रथ निघतो. तिकडे जुन्या जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, तो अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला. ह्या रथांना स्टेअरिंग नाही, पुढची चाकं डावी-उजवीकडे फिरत नाहीत. लोक दोर ओढतात, मागून रेटा देतात, पण रथ कुठे वळायचा आणि कुठे थांबायचा हे चाकांपाशी वाकलेली माणसं ठरवतात. त्यांच्या हातात लाकडाची मोगरी असते. ती चाकाखाली कोणत्या बाजूनं आणि किती आत सरकवायची, एवढ्यावर तो डोलारा वळतो. सरळ गल्लीत मोगरीवाल्यांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. कोपरा आला की साऱ्या गावाचा श्वास त्यांच्या हातात असतो. लाकूड करकरतं, एका बाजूची चाकं जागच्या जागी घासत फिरतात, कळस झुकल्यासारखा वाटतो. लहानपणापासून मी हे दर आषाढात पाहत आलो आहे आणि गाडीच्या पुढच्या चाकांपाशी बसलेला मिस्तरी पाहिला की मला त्याच जातीचं कौशल्य दिसतं.

चाकं फिरवून गाडी वळवायची युक्ती तशी जुनी आहे. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं ती काढली आणि १८१८ मध्ये लंडनमध्ये रूडॉल्फ ॲकरमननं त्याच्या वतीनं पेटंट घेतलं. वळताना आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापायचं असतं, बाहेरच्याला मोठं. म्हणून आतलं चाक जास्त वळलं पाहिजे आणि बाहेरचं कमी. हे साधायचं तर प्रत्येक चाकाला स्वतःभोवती फिरायला आपला आपला सांधा हवा. रथातून बग्गीत आणि बग्गीतून मोटारीत येताना आपण कोपऱ्यावरची ओढाताण अशी ह्या सांध्यांच्या गळ्यात घातली. त्यात १९८३ साली मारुती ८०० आली आणि पुढच्याच चाकांनी ओढणारी छोटी गाडी आपल्या गल्लीबोळांत रुळली. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीला जोर मागच्या चाकांतून मिळायचा. आता पुढच्या चाकांनी वळायचंही, ओढायचंही, ब्रेकचा मोठा भारही सोसायचा आणि इंजिनाचं ओझंही वाहायचं. आपल्या छोट्या गाड्यांचं पुढचं टोक लवकर का बोलायला लागतं, त्याचं निम्मं उत्तर इथं आहे.

उरलेलं निम्मं आमच्या मातीत आहे. खान्देशची काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता कितीही रोलर फिरवला तरी दोन-चार वर्षांत लाटा घेतो. जलवाहिनी आणि भुयारी गटारांसाठी खोदलेले चर बुजवले तरी पहिल्या पावसात खचतात. आणि उन्हाळा! जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा सांध्यावरची रबरी टोपी वाळून कडक होते, मग तिला बारीक चीर पडते. जूनमध्ये त्या चिरेतून चिखलाचं पाणी आत जातं. आतल्या ग्रीसमध्ये बारीक रेती मिसळली की ते ग्रीस सांध्याला सांभाळायचं सोडून खायला लागतं. ह्यातलं काहीच वरून दिसत नाही. गाडी धुतलेली असते, टायर नवे असतात.

माझी गाडी ऐन पावसाळ्यात बोलायला लागली. गल्लीतून बाहेर निघताना स्टेअरिंग डावीकडे पूर्ण कापायचं आणि पुढचं चाक गटारीवरच्या फरशीवरून खाली उतरायचं, त्या क्षणी उजव्या पायापाशी कुठेतरी एकच ठोका. उड्डाणपुलावरून जाताना काही नाही. महामार्गावर काही नाही. बांभोरीच्या पुलावर गिरणेचा वारा खिडकीतून आत येत असतो, शेजारून केळीचे ट्रक जात असतात, तेव्हा तर गाडी अगदी निरोगी वाटायची. परत गल्लीत शिरताना ब्रेक मारून वळलं की पुन्हा खट्.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथं गाडी लिफ्टवर चढली, खाली उतरली आणि हातात कागद आला: दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, वरचे माउंटिंग. म्हणजे पुढच्या टोकात जे जे वाजू शकतं ते सगळं. त्यांचीही एक बाजू आहे, ती मला समजते. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन दुसऱ्यांदा आलं की वर्कशॉपचं नाव खराब होतं, म्हणून सगळंच बदला, आवाज नक्की जाईल. पण ह्याला निदान म्हणता येत नाही. आवाज कुठून आला ते शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही आणि चांगले भाग भंगारात जातात. मी गाडी घेऊन पिंप्राळ्यातल्या आमच्या मिस्तरीकडे गेलो.

मिस्तरी उमेदवारीच्या काळात केळीच्या ट्रकांखाली आणि काळ्या-पिवळ्या जीपखाली वाढलेला. त्या गाड्यांना प्रत्येक सांध्यावर ग्रीसचं निप्पल असायचं. ऑईल बदलायला गाडी आली की हातपंप घेऊन खाली शिरायचं आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबत राहायचं. त्या निमित्तानं प्रत्येक सांधा हाताखालून जायचा, ढिला कोणता ते आवाज येण्याच्या आधीच कळायचं. आताच्या छोट्या गाड्यांचे बहुतेक सांधे कारखान्यातूनच बंद होऊन येतात, त्यांत बाहेरून काही भरता येत नाही. सोय झाली खरी, पण मिस्तरीचा हात त्या जागेवरून जायचा थांबला. ही हानी मला मोठी वाटते.

त्यानं बॉनेट उघडलं नाही, जॅकही काढला नाही. आधी विचारलं, “आवाज कव्हा येऊ राह्यला सर? वळतांना, का वळून झाल्यावर? चालत्या गाडीत, का उभ्या?” मग डिकी रिकामी करायला लावली. स्टेपनी घट्ट आहे का पाहिलं, गाडीतला जॅक आणि टामी बाहेर काढून ठेवली, कारण ढिला जॅकसुद्धा वळणावर सरकतो आणि सस्पेन्शनची बदनामी करतो. त्यानंतर पान्हा घेऊन चारही चाकांचे नट तपासले. ही पहिली तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि ढिला नट चाक घालवू शकतो म्हणून सगळ्यांत आधीची आहे.

मग आम्ही मोकळ्या मैदानावर गेलो. काचा खाली, पंखा बंद, गाणी बंद. मी चालवत होतो, तो बाजूला बसला होता. आधी स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापून सावकाश गोल, मग पूर्ण उजवीकडे. गोल फिरताना थोडा जोर द्यायला सांगितला. पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला असेल तर तो इथं हमखास सापडतो. त्या जॉइंटमध्ये सहसा पोलादाच्या सहा गोळ्या खाचांमधून फिरतात. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढलेली ही रचना जगातल्या बहुतेक पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांत आहे. खाचांना खड्डे पडले की पूर्ण वळणावर जोर दिला रे दिला की टक्-टक्-टक् सुरू होतं, आणि गाडीचा वेग वाढला की टकटकही वाढते. म्हणजे चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेला आवाज. आमचा आवाज तसा नव्हता. तो एकदाच यायचा, वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना. मिस्तरीनं ॲक्सल बाजूला काढला. घुंऽऽ असा गुंजारव नव्हता, म्हणून बेअरिंगवरचा संशयही कमी झाला. बारीक खडबडीवरून नेली तर खडखड नव्हती, म्हणून लिंक रॉड मागे पडला. शेवटी एका कंपाउंडच्या भिंतीला लागून गाडी हळू नेली. भिंत आवाज परत फेकते, उघड्या खिडकीतून तो स्वच्छ ऐकू येतो. तो म्हणाला, “उजवीकडून येऊ राह्यला, पण अजून धरू नका.”

हे ‘अजून धरू नका’ मला फार महत्त्वाचं वाटतं. लोखंड आवाज वाहून नेतं. उजव्या चाकापाशी उठलेला ठोका आडव्या बीममधून डावीकडे जातो, तिथून पत्र्यात घुमतो आणि डावीकडचा वाटतो. म्हणून कानावर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही. परदेशी वर्कशॉपांत चिमट्यांना माइक लावून ते वेगवेगळ्या सांध्यांवर बसवतात आणि गाडी चालवत एकेक माइक ऐकतात. आमच्याकडे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यावर आणि मूठ कानाच्या हाडावर. त्याहून चांगलं साधन हाताचा पंजा.

गॅरेजवर आल्यावर गाडी जमिनीवरच ठेवून त्यानं पोऱ्याला स्टेअरिंग या टोकाहून त्या टोकाला फिरवायला सांगितलं आणि स्वतः स्प्रिंगवर हलका हात ठेवला. वरचं माउंटिंग जाम झालं असेल तर स्प्रिंग पीळ खात जाते आणि मग एकदम सुटून उडी मारते. ती उडी हाताला लागते. लागली नाही. मग जॅक लावून उजवं चाक उचललं, खाली लाकडी ठोकळा आणि स्टँड दिला. दोन्ही हातांनी चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं. इथं खेळ, म्हणजे ढिलेपणा, सापडला असता तर टाय रॉडचं टोक किंवा स्टेअरिंगची रॅक. काही नाही. मग वर-खाली धरून हलवलं, आणि चाक किंचित डुललं. “ए भो, ब्रेक दाबून धर,” तो पोऱ्याला म्हणाला. ब्रेक दाबला की चकती आणि चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो नकल एकमेकांना धरून राहतात. खेळ बेअरिंगमध्ये असता तर आता नाहीसा झाला असता. तो तसाच राहिला. म्हणजे खेळ बेअरिंगच्या पलीकडे, खालच्या बॉल जॉइंटमध्ये.

त्यानं टामी टायरखाली घालून हलकेच उचलली आणि माझा हात ओढून सांध्यावर ठेवला. “हात लावून पहा ना सर.” तो सांधा म्हणजे माणसाच्या खुब्यासारखा, वाटीत बसलेला गोळा. रबरी टोपी एका बाजूनं फाटली होती, फाटेवर चिखल वाळून बसला होता आणि आत ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा गाळ होता, बोटावर घेतला तर करकरणारा. टामी वर गेली तसा बोटाखाली ठोका बसला, आणि क्षणभरानं कानानं ऐकला. गल्लीच्या तोंडाशी मी रोज ऐकत होतो तोच. गोळा वाटीतून वर-खाली होत होता. टामी सोडली, पुन्हा उचलली, पुन्हा बोटाखाली ठोका. इतके दिवस गाडीभर पसरलेला आवाज आता दोन बोटांच्या जागेत आला होता. हे सुख ज्यांनी घेतलं असेल त्यांनाच कळेल.

जॅक कुठे लावायचा हेही इथं महत्त्वाचं आहे. अर्ल मॅकफर्सनची स्ट्रटची रचना असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्प्रिंग लोअर आर्मवर बसत नाही. तिथं गाडीचा सांगाडा उचलला, चाक लोंबकळत ठेवलं की खालचा बॉल जॉइंट मोकळा होतो आणि खेळ दाखवतो. सुमोसारख्या गाड्यांत गोष्ट वेगळी. तिथं सस्पेन्शनचा ताण खालच्या आर्मवर असतो. सांगाडा उचलला तर तोच ताण सांध्याला दाबून धरतो आणि गेलेला जॉइंटही घट्ट वाटतो. तिथं जॅक आर्मखालीच लावावा लागतो. एकाच हलवण्याचा अर्थ दोन गाड्यांत दोन निघतो. ‘चाक हलवून पाहिलं, ठीक आहे’ असं कुणी सांगितलं तर जॅक कुठे लावला होता हे विचारायला हरकत नाही.

उजवा आर्म बदलला. जॉइंट त्यालाच पक्का बसवलेला होता, सुटा मिळत नव्हता. डाव्या आर्मची टोपी शाबूत होती, खेळ नव्हता. तो तसाच ठेवला. शॉकॲब्सॉर्बर ठेवले, लिंक रॉड ठेवले. कामातली एक गोष्ट मी मुद्दाम पाहत राहिलो. आर्मच्या दुसऱ्या टोकाला रबराचे बुश असतात. त्यांचे बोल्ट मिस्तरीनं गाडी वर असताना नुसते हातानं ओढून ठेवले. चाक लावलं, गाडी जमिनीवर उतरवली, पुढून दाबून दोन-तीन वेळा डोलवली आणि मग खाली झोपून, चिखलात पाठ भिजवत, ते बोल्ट पूर्ण आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या अवस्थेत पकडलं जातं. गाडी उतरली की त्याला कायमचा पीळ बसतो आणि काही महिन्यांत ते फाटतं. लिफ्टवर उभ्या-उभ्या आवळणं किती सोपं असतं! घाईत तसंच होतं, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, नवा पार्ट डुप्लिकेट निघाला.

जुना आर्म त्यानं व्हाइसमध्ये धरून दाखवला. नव्या सांध्याची दांडी हातानं हलवायला जोर लागतो. ह्याची दांडी आपल्याच वजनानं इकडून तिकडे पडत होती. गोळा वाटीतून पूर्ण निसटला असता तर चाक गाडीखाली दुमडलं असतं, पुढचा कोपरा रस्त्यावर बसला असता आणि स्टेअरिंग हातात नुसतं उरलं असतं. पुष्कळदा हे हळू वेगात, पूर्ण वळणावर, गल्लीत किंवा पार्किंगमध्ये होतं. पण नेहमीच तसं होईल ह्याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि मी त्याच चाकावर बांभोरीच्या पुलावरून ट्रकांच्या रांगेतून जात होतो.

इंजिन बिघडलं तर गाडी थांबते, बॅटरी गेली तर चालू होत नाही; डॅशबोर्डवर डझनभर दिवे त्यासाठी आहेत. पुढच्या सांध्यासाठी डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. त्याच्याकडे हा एक ठोका आहे, आणि तो ऐकणाऱ्या माणसाला आपण शिक्षण, पगार, प्रतिष्ठा यांपैकी फारसं काही दिलेलं नाही. विजेच्या गाड्या वाढताहेत. त्यांच्यात इंजिनाचा आवाज नाही आणि बॅटरीचं वजन दांडगं, म्हणजे पुढच्या सांध्यांवर भार जास्त आणि त्यांचं बोलणंही अधिक स्पष्ट. संगणक लावून न होणारं हे काम पुढेही हाताचं आणि कानाचंच राहणार आहे. आयटीआयच्या पोरांना शहाण्या मिस्तरीच्या शेजारी बसून गोल फिरणारी गाडी ऐकायला लावलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. वळताना पुढून खट् आलं, तर आधी चाकांचे नट पाहा, आणि गाडी महामार्गावर नेण्याआधी पुढची चाकं उचलून तपासून घ्या. आवाज कोणत्या वळणावर, ब्रेकवर की जोर देताना, एकदा की सारखा, हे लिहून न्या. मिस्तरीचं अर्धं काम होतं. कुणी पूर्ण सेट बदलायला सांगितला तर खेळ कुठे आहे तो हात लावून दाखवायला सांगा. आणि काढलेला भाग तुमच्या पैशाचा आहे, तो मागून घ्या, हलवून पाहा.